उभ्यानं खाणं थांबलं

दोन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती आणि तिचं ड्रेसिंग मीच करायची. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला आधी तिचा पाय आठवला.

वजन ७१ किलो होतं आणि कंबर ९१ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात. आपल्या शरीरात चरबी लपून राहते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. माझ्या वजनाकडे बघून “काही फार नाही” म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी ही गोष्ट आजही सांगते.

दोन वेळा जेवायचं आणि मध्ये तोंड बंद ठेवायचं, ही पद्धत मला नवी नव्हती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं आमच्या सांगलीत घरोघरी मोबाइलवर ऐकली जायची. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतः सांगतात. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घ्यायचा आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. त्यामागचं कारण ते असं सांगतात. आपण खाल्लं की इन्शुलिन वाढतं आणि ते वाढलेलं असताना शरीर साठवलेली चरबी वापरायला काढत नाही. दिवसभर काहीतरी पोटात जात राहिलं की चरबीच्या कोठाराला हात लावायची वेळच येत नाही.

उपवास तर मी लग्नाआधीपासून करते. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. पण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि दिवसभर चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. माझी आजी चातुर्मासात धारणं-पारणं करायची, एक दिवस जेवण आणि एक दिवस उपास, आणि उपासाला पाण्याशिवाय फारसं काही घेत नसे. तिच्या व्रताची शिस्त आमच्या पिढीपर्यंत पोचली नाही, फराळ तेवढा पोचला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी सात या वेळा ठरवल्या. पतसंस्थेतली नोकरी दहाची, त्यामुळे सकाळी पोटभर जेवूनच निघायचं. सुरुवातीला अकराच्या सुमाराला डोकं ठणकायचं. मीठ घातलेलं पातळ ताक घेतलं की बरं वाटायचं. पंधरवड्यात तो त्रास गेला. भुकेपेक्षा अवघड होतं ते माणसांना नाही म्हणणं. पतसंस्थेत खातेदार चहा पाजल्याशिवाय जात नाहीत. हळदीकुंकवाला गेलं की “एवढंसं तरी घ्या” म्हणून वाटी हातात येते. मी सरळ सांगायला लागले, “साखर वाढलीय, डबा द्या, सातला जेवताना खाईन.” कोणी रागावलं नाही. आजार सांगितला की आपली माणसं समजून घेतात.

पण मला खरं सांगायचंय ते स्वयंपाकघराबद्दल. पहिल्या आठवड्यात, मध्ये काय काय तोंडात जातं ते मी एका वहीत लिहून काढलं. आमटीची चव पाहिली. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी वाया जाईल म्हणून खाल्ली. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन ओट्यापाशी उभ्या-उभ्या संपवला. सासूबाईंबरोबर चहा, नवऱ्याबरोबर चहा, प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी बसायची तेव्हा पोट अर्धं भरलेलं असायचं आणि पोळी गार झालेली. घरोघरच्या बायका अशाच खातात आणि त्याला कोणी खाणं म्हणत नाही. वजनाच्या काट्याला मात्र ते कळतं.

जेवणाला ५५ मिनिटांची हद्द आल्यावर मला त्या वेळेत बसणं भागच पडलं. आता साडेनऊला माझं ताट सगळ्यांबरोबर वाढलेलं असतं. काकडी-गाजराची कोशिंबीर, मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, वाटीभर दही, कधी दोन अंडी. प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून उसळ आणि अंड्यांवर मी कधी तडजोड केली नाही. उरलेलं अन्न फ्रीजमध्ये जातं, माझ्या पोटात नाही. नवरा आता स्वतः वाढून घेतो.

वर्षभरात वजन ६३ वर आलं, एचबीएवनसी ५.६ झालं. यात घड्याळाची जादू आहे असं मी म्हणणार नाही. चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच कमी केल्या होत्या, एका गटाला खायची वेळही सकाळी आठ ते दुपारी चार अशी बांधून दिली होती. वजन घटण्यात दोघांत लक्षणीय फरक पडला नाही. माझंही मत तेच आहे. वेळ बांधल्यामुळे माझं वरचं खाणं सुटलं आणि त्यानंच वजन उतरवलं.

मात्र एक प्रसंग सांगायलाच हवा. माझं बघून शेजारच्या काकांनी कोणालाही न विचारता हे सुरू केलं. ते मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. गोळी सकाळी घेतली, जेवण दुपारपर्यंत पुढे ढकललं. बाराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. काकूंनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी नंतर गोळीचा डोस कमी केला आणि जेवणाच्या वेळेशी जुळवून दिला.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून डोस ठरवल्याशिवाय एकही जेवण सोडू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी हे करूच नये. बाकीच्यांनी आधी एचबीएवनसी तपासून घ्या, मग वेळा ठरवा. आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचं ताट सगळ्यांबरोबर वाढा.