नोंद आणि निवाडा

नव्या कलाकृतीच्या परीक्षणात वाचक निवाडा शोधतो आणि त्याची ही अपेक्षा रास्त आहे. परंतु परीक्षकाने प्रत्यक्षात काय पाहिले याची नोंद त्याआधी यायला हवी, कारण नोंदीवाचून निवाडा पडताळता येत नाही. कादंबरी पुन्हा वाचता येते, चित्रपट पुन्हा पाहता येतो, प्रदर्शनातली छायाचित्रेही पुढे पुस्तकात भेटतात, जरी भिंतीवरचा त्यांचा आकार आणि क्रम तेथे हरवत असला तरी. नाटकाची संहिता, म्हणजे नाटककाराने लिहिलेला मजकूर, अशीच छापून उरते. मात्र प्रयोग, म्हणजे नटांनी त्या मजकुराला प्रेक्षकांसमोर दिलेले रूप, पडदा पडताच संपतो. त्यामुळे नाट्यपरीक्षकावरची जबाबदारी सर्वांत मोठी ठरते.

उदाहरणार्थ, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला, तेव्हा चर्चेचा मोठा भाग पेशवाईतील कारभारी नाना फडणवीसांच्या चित्रणाभोवती फिरला आणि आक्षेपांमुळे १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले, पुढे थिएटर अकादमीने १९७४ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आणले. इतिहासाचा तो वाद आजही संहिता हाती घेऊन लढवता येतो. परंतु जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात, भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेतून हलणारी नटांची रांग, जी पाठमोरी झाली की भिंत होई आणि समोर वळली की समाज होई, ती त्या सभागृहात कोणत्या लयीत वळत होती आणि त्या वळण्याने प्रेक्षक कोणत्या कृत्याचा साक्षीदार बनत होता, हे छापील पान पुरतेपणी सांगू शकत नाही. ते त्या वेळी पाहणाऱ्याने लिहून ठेवले तरच पुढच्या पिढीच्या हाती लागते.

अशी नोंद करणे कष्टाचे आहे. ‘सहजसुंदर अभिनय’, ‘समर्पक नेपथ्य’, ‘परिणामकारक प्रकाशयोजना’ ही विशेषणे कोणत्याही नाटकाला लागू पडतात, आणि म्हणूनच त्यांतून एकाही नाटकाची ओळख पटत नाही. याउलट नटाने कोणत्या वाक्याआधी विराम घेतला, प्रकाश कोणावरून कोणाकडे सरकला आणि त्यामुळे प्रसंगाचा अर्थ कसा बदलला, हे सांगणारे परीक्षण मोजक्या ओळींतही प्रयोग उभा करते. परीक्षण शुभारंभाच्या प्रयोगाचे असेल तर तसे स्पष्ट लिहिणेही आवश्यक असते, कारण पुढील प्रयोगांत गती बदलते, काटछाट होते आणि नट भूमिकेत मुरत जातात.

निवाडा टाळावा, असा याचा अर्थ नव्हे. सविस्तर नोंदीवर उभे असलेले कठोर मत दिग्दर्शकाला तालमीत उपयोगी पडते, आणि त्याच नोंदीच्या आधारे वाचकाला परीक्षकाच्या विरुद्ध मतही बनवता येते. वाचकाला एवढे स्वातंत्र्य देणारे परीक्षणच कलेच्या चर्चेला पुढे नेते.