चुकली तरी चालेल अशी गाडी

रेल्वेच्या तिकिटाविषयीची एक धास्ती आपल्या पिढीच्या मनात कायमची वस्तीला आलेली आहे. आरक्षण खिडकीपुढे पहाटे धरलेल्या रांगा, 120 दिवस आधी काढून ठेवलेली सुट्टीची तिकिटे, प्रतीक्षायादीत पुढे सरकणारा किंवा न सरकणारा आपला क्रमांक. ही मुदत नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आली, धास्ती मात्र तेवढीच राहिली. म्हणून परदेशचा प्रवास ठरला की आपला पहिला प्रश्न असतो : तिथल्या गाड्यांची तिकिटे काढली का?

आमचीही काढली होती. स्वित्झर्लंडला जायचे ठरल्यावर पुण्यातल्या मुलाने दीड महिना आधी झुरिक विमानतळ ते इंटरलाकेन अशी दोन तिकिटे घेतली. "आई, लवकर घेतली म्हणून निम्म्या किमतीत पडली," असे तो कौतुकाने म्हणाला आणि आम्हांलाही ते कौतुकाचेच वाटले. स्वस्त असल्याने ती तिकिटे एकाच दिवसाच्या एकाच गाडीला बांधलेली होती, चुकली तर पैसे परत नव्हते, हे आम्ही वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते.

विमान तासभर उशिरा उतरले. पुढे पारपत्राची रांग, मग सामानाची वाट. झुरिकचे रेल्वेस्थानक विमानतळाच्या खालीच आहे, ही मोठी सोय. परंतु त्या दिवशी त्याच जवळिकीने आम्हांला घाईला प्रवृत्त केले. "अजून सात मिनिटे आहेत," म्हणत यजमान दोन बॅगा ओढत निघाले. त्यांचे वय 73, मधुमेह सोळा वर्षांचा. विमानातली न्याहारी त्यांनी जवळजवळ तशीच परत केली होती, आणि गोळी मात्र भारतातल्या वेळेप्रमाणे घेतली होती. फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होत होता. ते बाकावर बसले. चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरत होते. माझ्या पर्समध्ये साखर तपासण्याचे यंत्र होते. आकडा आला 58. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग बिस्किटे दिली. अर्ध्या तासाने ते हसून म्हणाले, "तिकिटांचे किती बुडाले?" मला त्या क्षणी तो हिशेब नकोसा झाला.

नंतर खिडकीवर गेलो, तेव्हा जे कळले ते मी तुम्हांला सविस्तर सांगते. स्वित्झर्लंडमधले साधे तिकीट ठरावीक गाडीचे नसते, ते त्या मार्गाचे असते. त्या दिवशी त्या मार्गाने जाणाऱ्या कोणत्याही गाडीत बसावे. आरक्षणाची सक्ती नाही, आणि साध्या तिकिटाचा दर महिनाभर आधी घेतले काय किंवा गाडी येण्याच्या पाच मिनिटे आधी घेतले काय, तोच राहतो. मुख्य मार्गांवर साधारण अर्ध्या तासाने गाडी असते. म्हणजे तिथे उतरल्यावर, पोटात काही घालून, शांतपणे तिकीट काढण्यात काहीच तोटा नाही. मात्र गाडीत चढण्यापूर्वी काढलेच पाहिजे. गाडीत तपासनीस येतो, आणि विनातिकीट आढळल्यास दंड होतो.

स्वस्तातली 'सुपरसेव्हर' तिकिटे वेगळी, तीच आमची होती. विमानातून उतरण्याच्या दिवशी ती वृद्धांसाठी कदापि घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मधला मार्गही आहे. 'सेव्हर डे पास' लवकर घेतल्यास स्वस्त पडतो, त्यात दिवस ठरलेला असतो पण गाडी नाही. दूरवरच्या दिवसाचा घेऊ नका, कारण तोही परत होत नाही. रोज थोडाथोडा प्रवास करायचा असेल तर 'स्विस ट्रॅव्हल पास' पाहावा. तो 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो आणि त्यात गाड्या, बसगाड्या व तळ्यांतल्या बोटीही येतात. एका ठिकाणी मुक्काम ठेवून अधूनमधून हिंडणाऱ्यांना महिनाभर चालणारे 'हाफ फेअर कार्ड' बरे. त्याने तिकीट बहुधा निम्म्या दरात मिळते. पास दाखवताना पारपत्र जवळ असावे.

ही मोकळीक सर्वत्र आहे असे मात्र समजू नका. फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाडीला आणि इटलीच्या फ्रेच्चारोसाला आसन आरक्षित करावेच लागते, आणि उशीर करावा तसे तिकीट बहुधा महागते. तिथे आधीच घ्यावे, पण बदलता येणारे, जरा महागाचे. इटलीच्या साध्या प्रादेशिक गाड्यांचे दर स्थिर असतात. तिकीट कागदी असल्यास फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून मगच चढायचे. स्वित्झर्लंडमध्येही झेर्मात ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या ग्लेशियर एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचे आहे. तो सुमारे आठ तासांचा प्रवास आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून ठरवावा.

युंगफ्राउयोखविषयी दोन शब्द. ते स्थानक 3454 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असते. हृदयाचा वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि तिकीट हवा व स्वतःची प्रकृती पाहूनच घ्यावे. आम्ही वर गेलो नाही. ग्रिंडेलवाल्डहूनच आयगर पर्वत पाहिला. त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हटले तर खोटे होईल.

परदेशी निघालेल्या आईवडिलांची तिकिटे घरबसल्या काढून देणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. स्वस्त तिकीट शोधण्याआधी औषधांच्या वेळा कागदावर मांडा. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गाडी बदलताना दोन गाड्यांत मोजकीच मिनिटे असतील तर पुढची गाडी धरायला सांगा. चाकाच्या खुर्चीची किंवा चढण्यासाठी मदतीची गरज असल्यास रेल्वेला आधी कळवावे लागते. जड सामान एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर स्वतंत्र पाठवण्याचीही सोय तिथे आहे. आम्हांला ती उशिरा कळली.

परतीच्या प्रवासात आम्ही इंटरलाकेनहून लुझर्नला निघालो. वाटेत ब्रिएंझ लागते. स्थानकाला लागूनच तळे, पाणी हिरवट निळे, आणि समोरच रोटहॉर्नच्या डोंगरावर जाणाऱ्या वाफेच्या इंजिनाचे छोटे स्थानक. यजमान म्हणाले, "उतरू या का जरा?" उतरलो. बाकावर बसून डब्यातला दहीभात खाल्ला, त्यांनी गोळी घेतली. समोरून लुझर्नची गाडी आली आणि निघून गेली. पुढची तासाभराने होती. त्यांनी चपला काढल्या आणि पाय लांब केले.