सहा अक्षरांचे पान

बाबांची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, कापडी बांधणीची, कचेरीत आवक-जावक लिहायला वापरत तसली. परवा कपाट आवरताना ती पुन्हा हातात आली आणि आवरणे तिथेच राहिले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा बाबा चौतीस वर्षांचे होते. मराठी देवळातल्या शाळेत शिकलेले, पोर्तुगीज सेगुंद ग्रावपर्यंत, आणि नोकरी सरकारी कचेरीत. पुढे हळूहळू कागद इंग्रजीतून येऊ लागले. टेबल तेच, खुर्ची तीच, भाषा मात्र नवी. बाबा तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एक वही केली.

कारकुनाची वही ती! सारखी अक्षरे असलेले इंग्रजी शब्द एकत्र, त्यातही अक्षरे मोजून वेगवेगळी पाने. सगळ्यांत जास्त खाडाखोड आहे ती ओ-यू-जी-एच या चौकडीच्या शब्दांत. पाच अक्षरांच्या पानावर सुरुवातीला टफ, रफ आणि कॉफ. तिन्हींच्या शेवटी 'फ'. बाजूला बाबांनी लिहिले आहे, "पांच अक्षरें : फ". नियम सापडल्याचा आनंद त्या टपोऱ्या अक्षरांत अजून दिसतो. त्याच्याच खाली डो, म्हणजे पदेर मळतो तो पिठाचा गोळा, आणि बाव, म्हणजे झाडाची फांदी. नियमावर काट!

सहा अक्षरांचे पान तर विचारूच नका. दो म्हणजे 'जरी', प्लाव म्हणजे नांगर, ट्रॉफ म्हणजे गुरांना पाणी पाजायची दोण, आणि इनफ म्हणजे पुरे. शब्द चार, उच्चार चार. सात अक्षरांत थ्रू, थॉट आणि ड्राउट. आठ अक्षरांचा थरो. लांबीवरून उच्चार ठरेल अशी बाबांची आशा होती, ती पानागणिक खचत गेलेली दिसते.

१९७५ ची चतुर्थी. मी सातवीत, इंग्रजी शाळेत. बाबांचे साहेब बाहेरच्या राज्यातून बदलून आले होते. ते गणपतीच्या दर्शनाला आले, येताना मिठाईचे दोन खोके घेऊन. एक खोका हातात घेत बाबा संकोचून म्हणाले, "नो नो सर, धिस इज इनॉघ."

मी फिसकन हसले. "बाबा, इनॉघ नाही, इनफ!"

साहेबही हसले, माझ्या हुशारीचे त्यांनी कौतुक केले. बाबा हसले. आई आतून बघत होती, ती तेवढी हसली नाही. त्यानंतर तो शब्द मी बाबांच्या तोंडून कधी ऐकला नाही. वहीत त्या पानावर 'इनॉघ' खोडून वर दुसऱ्या शाईने 'इनफ' लिहिले आहे. पुढची पाने कोरी.

कॉलेजात इंग्रजी भाषेचा इतिहास शिकताना या चौकडीचा उलगडा झाला. हे जी-एच मुळात गप्प नव्हतेच. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून, खरवडून येणारा एक आवाज होता, उर्दूतल्या 'ख़बर'मधल्या ख़ च्या जवळचा. 'इनफ'ला त्या काळी 'इनूख़'सारखे काहीतरी म्हणत. पुढे काही भागांत तो आवाज विरून गेला, काही ठिकाणी त्याचा 'फ' झाला, आणि प्रमाण इंग्रजीने कुठला शब्द इकडून घेतला, कुठला तिकडून. स्वरही शतकानुशतके सरकत होते. दरम्यान १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेले स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले, बोलणे पुढे निघून गेले. म्हणजे बाबांचा 'घ' अडाणी नव्हता. फार तर सहाशे वर्षे उशिरा आलेला म्हणा.

यात हसण्यासारखे काय होते? आपल्याकडे वेगळे काय आहे? बाबा शेवटपर्यंत 'नांव', 'कांहीं', 'पांच' असेच लिहीत. १९६२ च्या मराठी लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले होते, आणि माझ्या शाळेच्या पुस्तकांत नवे नियम होते. मी त्यांचे अनुस्वारही दुरुस्त केले आहेत, लाल पेन्सिलीने! आणि आमच्या पेडण्याचे रोमन स्पेलिंग बघा. शेवटी एम. बाहेरचा माणूस 'पेरनेम' वाचतो. तो एम म्हणजे पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेला नाकातला स्वर, 'पेडणें'वरचा अनुस्वार. कोंकणीत तो बोलतातही, लिहितातही. मराठीने पुसलेला तो टिंब बसच्या रोमन पाटीवरून अजून रोज पणजीला जाऊन येतो.

'डॉटर' या शब्दातही तेच जी-एच बसले आहे. जर्मनमध्ये 'टॉख्टर', फारसीत 'दुख्तर', संस्कृतात 'दुहिता'. सगळे एका कुळातले. मुलीच्या नावातला जो आवाज या बहिणींनी या ना त्या रूपात बोलण्यात सांभाळला, तो इंग्रजीने फक्त लिहिण्यापुरता ठेवला.

हे सगळे मला कळले तेव्हा बाबा निवृत्त होऊन घरीच होते. संध्याकाळी ते बलकांवावर बसलेले असत. कितीदा मनात आले की जवळ बसावे, सांगावे. पण सांगायचे तर त्या चतुर्थीचा विषय काढावा लागला असता. मला वाटे, ते विसरले असतील. १९९८ मध्ये बाबा गेले, आणि वही मला त्यानंतर मिळाली. तोपर्यंत ती कोरी पाने मी पाहिलीच नव्हती.

असो. हल्ली एखादे मूल वाचताना जी-एचचा 'घ' करून मोकळे झाले की मी लगेच दुरुस्त करत नाही. आधी सांगते की हे अक्षर एके काळी खरोखरच म्हणत असत. मग आजचा उच्चार सांगते. मुलांना पहिला भागच जास्त आवडतो.

बाबांनाही आवडला असता.