आंजी बिग की ग्रेट?

वर्ध्याहून आर्वी रोड धरलात की एक नाव भेटतं : आंजी (मोठी). ट्रिपच्या फोटोखाली हे इंग्रजीत कसं लिहायचं? 'बिग आंजी' म्हटलं तर बर्गरची साइज वाटते. 'ग्रेट आंजी'? बॉस बिग असतोच, ग्रेट असेलच असं नाही. ग्रेटमध्ये मान आहे.

पण थांबा, 'ग्रेट ब्रिटन'मधलं ग्रेट फुशारकीचं नाहीच! समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये धाकटं ब्रिटनी आहे, म्हणून हे थोरलं. थोडक्यात, ब्रिटन (मोठं). पुणेकरांनी तर हसूच नये. वडगाव बुद्रुकमधलं 'बुद्रुक' फारसी 'बुजुर्ग'वरून आलंय : आकाराने मोठं, वयाने मोठं, मानानेही मोठं. शेजारचं खुर्द म्हणजे लहान. आपली 'मोठी'सुद्धा तशीच ऐसपैस. मोठी बहीण उंचीने खांद्याला लागली तरी मोठीच ना! त्यामुळे माझं मत ग्रेटला, तेही ब्रिटनवाल्या जुन्या अर्थाने.

सारख्या नावांचा घोळ या जिल्ह्याला नवा नाही. गांधीजी राहायचे त्या सेगावची टपाल चुकून बुलढाण्याकडच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आंजीने मात्र नाव ठेवलं आणि कंसावर भागवलं.