गोळाभात

जपानात भातावर कोंबडी आणि अंडे घालून जो वाडगा भरतात, त्याला ‘ओयाकोदोन’ म्हणतात. ‘ओयाको’ म्हणजे आईबाप नि लेकरू! वाचनालयात हे वाचून मला हसू आले होते.

पुढे आई अमरावतीला इस्पितळात असताना मोर्शीच्या घरी मी प्रथमच गोळाभात केला. डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, मीठ घातले, मोहन विसरलो. अर्धवट शिजलेल्या भातात सोडलेले गोळे अगदी दगड झालेत. बाबांनी मुकाट्याने एक गोळा भातात कुस्करला, वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतली (वऱ्हाडात तेलाला हात कोण आखडतो?) आणि आम्ही दोघे जेवलो.

हात धुताना बाबा म्हणाले, “उद्या मोहन घालजो. तिच्यासाठी डब्यात हाच नेऊ. फोडणी थोडी कमी.”