हललेला हात

नाताळाआधी भिंतींना रंग काढायचा म्हणून वसईच्या त्या घरातल्या तसबिरी खाली उतरवल्या आणि आजीच्या फोटोमागच्या पुठ्ठ्यात पावसाळाभर मुरलेला कुबट वास नातीच्या नाकात शिरला. बुरशीनं वरचा कोपरा खाल्ला होता. चेहरा शाबूत होता. हात मात्र मुळातच बिघडलेला.

या हातानं तिला लहानपणापासून छळलं होतं. लाल लुगडं, ताठ पाठ, समोर रोखलेली नजर. आणि मांडीवर, जिथे जपमाळ दिसायला हवी, तिथे नुसता पांढुरका धुरळा. घरात सांगत ते असं : माळ स्टुडिओवाल्यानंच शोभेसाठी हातात दिली आणि ‘हलू नका’ म्हणाला. आजी हलली नाही. फक्त माळ हातात आल्यावर बोटं आपसूक मण्यांवरून सरकू लागली. जप न करता माळ धरायची कशी, हे तिला ठाऊकच नव्हतं.

नात पुढे फोटोग्राफर झाली. बाप्तिस्मे, पहिले कम्युनियन, लग्नं. एकदा कॅलेंडरसाठी ‘ख्रिस्ती स्त्री’ काढून द्यायचं काम आलं. मेणबत्ती हवी, डोक्यावर जाळीची ओढणी हवी, डोळे वर हवेत. तिनं काढून दिलं, पैसेही घेतले, पण तो राग अजून गेलेला नाही. वर छताकडे पाहत प्रार्थना करणारी बाई तिनं उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. मिस्सेला बायका खाली बघतात, नाहीतर पुढच्या बाकावर वळवळणाऱ्या पोराला डोळे वटारतात.

रागावली की तिला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन आठवते. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेली ही बाई इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर राहत होती. १८६३च्या डिसेंबरात मुलीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. कोळशाची खोली झाली डार्करूम, कोंबड्यांचं खुराडं झालं स्टुडिओ. पुढच्याच वर्षी तिनं पौलाच्या गलतीकरांस पत्रातली पवित्र आत्म्याची नऊ फळं नऊ फोटोंत मांडली : प्रीती, आनंद, शांती वगैरे. मरियेसाठी मॉडेल शोधायला ती लांब गेली नाही. घरातल्या मोलकरणीला, मेरी हिलियरला, तिनं डोक्यावरून वस्त्र घेऊन बसवलं. काचेवर ओलं रसायन, मिनिटं मिनिटं चालणारं एक्स्पोजर. श्वास घेतला तरी कडा विरघळायच्या. फोटोग्राफीतल्या जाणकारांनी नाकं मुरडली : फोकस नाही, काचेवर डाग. कॅमेरॉननं ते मनावर घेतलं नाही.

वसईच्या स्टुडिओवाल्यानं मात्र मनावर घेतलं. त्यानं म्हणे निम्मेच पैसे घेतले.

मेरी हिलियरच्या चेहऱ्यावरची श्रद्धा कुणाची, हे कोडं नातीला सुटलेलं नाही. मोलकरणीची, की मालकिणीची? की सकाळची कामं टाकून बसायला मिळालं, त्याची ती शांती?

तिच्या स्वतःच्या फोटोंपैकी तिला एकच पटतो, तोही ठरवून काढलेला नाही. दादरचा फुलबाजार, पहाट, वसईहून पहिल्या गाड्यांनी आलेली फुलं. सोनचाफ्याच्या पाटीमागे एक वयस्कर बाई. पहिलं गिऱ्हाईक नोट देऊन गेलं. बाईनं ती कपाळाला लावली, ‘भवानी झाली’ म्हणाली, आणि त्याच नोटेसकट कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रूसाची खूण केली. उजेड नव्हता, शटर मंद. चेहरा स्वच्छ आला, हात वाहून गेला. कॅलेंडरवाल्यांना तिनं तो दाखवलाही नाही.

कॅमेरॉन १८७५मध्ये सिलोनला गेली आणि १८७९मध्ये तिथेच वारली. कालुतऱ्याला तिनं तिथल्या मजूर बायामाणसांचे फोटो काढले. त्यांत पुन्हा मरिया नाही. एकाला मथळा आहे, ‘कालुतऱ्यातले शेतकरी’, बस. वाइट बेटावरची मोलकरीण देवमाता झाली, कालुतऱ्याच्या बायांना साधं नावही मिळालं नाही. एवढ्यासाठी नातीचं कॅमेरॉनशी अधूनमधून भांडण होतं.

ते आठवलं म्हणून तिनं आजीचा फोटो उलटा केला. पुठ्ठ्यावर स्टुडिओवाल्याची पेन्सिल अजून वाचता येत होती : ‘लुगडेवाली बाई. एक प्रत. हात हलला.’

तिनं रंगाऱ्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि आईला विचारलं, आजीचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव काय? आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. ‘थांब,’ ती म्हणाली, आणि ओठ हलवत एकेक नाव जुळवू लागली.