नाव कमी केल्याचा दाखला

आईच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली एक जाड प्लास्टिकची पिशवी असे. तीत आम्हा भावंडांचे जन्मदाखले, बाबांचा गिरणीतला पास आणि रेशनकार्ड. चाळीत आग लागली तर आधी काय उचलायचं, हे तिनं आम्हाला लहानपणीच पढवून ठेवलं होतं. ती पिशवी, आणि मग आजी.

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जणं राहत होतो. रेशनकार्डावर मात्र माणसं नसत, 'युनिटं' असत. अमुक युनिटांना इतके गहू, इतके तांदूळ, इतकी साखर. पावसाळ्यात आजी शेतीसाठी गावी गेली की तिचं युनिट मागे उरायचं. आजीच्या वाटणीच्या साखरेवर आई दोन महिने काढायची.

बाबा साच्यावर होते. भोंग्याबरोबर उठायचं, भोंग्याबरोबर यायचं. आई खानावळ चालवायची. गावाकडे बायको-मुलं ठेवून मुंबईत एकटे राहणारे आठ गिरणीकामगार आमच्याकडे पाळीपाळीनं जेवायला यायचे. गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या. त्यांना बँक दारात उभी करत नसे, सावकार मात्र करत असे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. आईनंही एकदा त्यांच्यामार्फत कर्ज घेतलं, फेडलं, आणि शेवटचा हप्ता भरून आल्यावर सबंध मजल्याला शिरा वाटला.

तिचा हिशेब कागदावर नसायचा. रोज भातासाठी तांदूळ मापून घेतले की त्यातून एक मूठ परत काढून वेगळ्या डब्यात टाकायची. रोज एक मूठ. ते कमी झालेलं आम्हाला ताटात कधी कळलं नाही. महिनाअखेरीला पीठ संपलं, वाणी कुरकुरायला लागला, की तो डबा उघडायचा. पामतेलाच्या बाटलीवर तिनं खिळ्यानं रेघा ओरखडल्या होत्या. आज तेल या रेघेच्या खाली जायचं नाही. पाहुण्याला साखरेचा चहा, आम्हाला गुळाचा. भाजी परवडली नाही की गावाहून आलेल्या कुळथाची पिठी, नाहीतर सुकटीची चटणी. हे सगळं मी आज एका दमात लिहिते आहे, पण ते रोज, न चुकता, वर्षानुवर्षं करायचं काम होतं. मी पुढे बी.कॉम. झाले, जमाखर्च शिकले, ताळेबंद शिकले. आईइतका चोख हिशेब मला आजही जमत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे होते आणि दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल असं सगळे धरून होते. मी बारा वर्षांची होते. पहिल्या दिवशी भोंगा वाजला नाही, तेव्हा आजी म्हणाली, घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं.

पगार थांबला ते तर कळण्यासारखं होतं. पण आमच्याकडे जेवणारी आठही माणसं एकेक करून गावाला निघून गेली. संपात मुंबईत बसून खाणार काय? गावाकडे निदान भात होता. म्हणजे बाबांचा पगार आणि आईची खानावळ, दोन्ही एकाच वेळी बंद झालं. त्या संपाची हकिगत पुष्कळांनी लिहिली आहे, पण खानावळवाल्या बायकांचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचा धंदाच मुळात कामगारांच्या पगारावर उभा होता. आईनं आधी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या, मग तांब्याचा हंडा, मग बाबांचं नाव कोरलेली स्टीलची ताटं. मावशीच्या लग्नात मिळालेलं एक ताट तेवढं तिनं दिलं नाही. शर्टांची काजं-बटणं करायचं काम घरी आणलं. रात्री कॉमन गॅलरीतल्या दिव्याखाली बसून आम्ही दोघी बटणं लावायचो, कारण खोलीतला दिवा लावला तर बिल वाढायचं.

त्या दोन वर्षांत आम्ही अर्धपोटी असायचो, हे मला आता कळतं. पण तेव्हा आपण गरीब आहोत असं वाटल्याचं आठवत नाही. रविवारी दुपारी सबंध मजल्यावरच्या बायका गॅलरीत सुपं घेऊन रेशनचे गहू निवडायला बसायच्या. सगळ्यांच्या गव्हात तेच खडे, तेच किडे, तीच माती. कुणाकडे पीठ संपलं तर वाटी पुढे यायची, आणि ती परत जाताना रिकामी जायची नाही, निदान दोन मिरच्या तरी असायच्या. कुणाचं काय गहाण पडलं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

लाज मला बाहेरून मिळाली. रॉकेल 'सुटलं' की सकाळपासून रांग लागायची. माणसं कामाला जाताना रांगेत आपापला डबा ठेवून जात, कुणी नुसता दगड ठेवून जाई, आणि तो दगड म्हणजे तो माणूस असं सगळे मानत. एकदा शनिवारी मी पाच लिटरचा डबा घेऊन रांगेत उभी होते. पुढे चारच माणसं उरली होती. समोरच्या फुटपाथवरून माझ्या वर्गातली एक मुलगी वडिलांबरोबर येताना दिसली. ती परळच्या एका ब्लॉकमध्ये राहायची, तिच्याकडे गॅस होता. मी डबा पायाशी ठेवला आणि रांगेतून निघून एका बोळात शिरले. ती गेल्यावर परत आले तर नंबर गेला होता, आणि थोड्याच वेळात रॉकेलही संपलं.

रिकामा डबा घेऊन घरी आले. आईनं विचारलं आणि मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. शेजारून बाटलीभर रॉकेल मागून आणलं, स्टोव्हला पंप मारला, भात टाकला. पुढच्या खेपेला मात्र ती स्वतः माझ्याबरोबर आली. एका हातात निळ्या रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातानं माझा दंड धरलेला, आणि मला मुद्दाम मोठ्या रस्त्यानं, शाळेवरून घरी नेलं. "चोरीचा नाय मां? मग मान वर करून चल," एवढंच म्हणाली.

ही बाई 1972 साली मला कडेवर घेऊन महागाईविरुद्धच्या मोर्चात गेली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या हजारो बायका हातात लाटणं घेऊन निघाल्या, तेल-साखरेसाठी, रास्त भावाच्या धान्यासाठी. त्याच सुमारास दुष्काळामुळे रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची, असं ती सांगे. रेशन ही तिच्या लेखी कुणी दिलेली भीक नव्हती. ते बायकांनी रस्त्यावर उतरून मागून घेतलेलं होतं, आणि आपलं लाटणंही त्यात होतं.

संप कधी मागे घेतला गेलाच नाही. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. काही वर्षं त्यांनी रात्रपाळीची वॉचमनगिरी केली. 2012 मध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली तेव्हा त्यांचाही अर्ज होता. नंबर लागला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

माझं लग्न 1994 मध्ये झालं. हळदीच्या आधी चार दिवस आई मला घेऊन शिधावाटप कार्यालयात गेली. माझं नाव माहेरच्या कार्डावरून काढायचं आणि 'नाव कमी केल्याचा दाखला' घ्यायचा, कारण त्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. कारकुनानं माझ्या नावावर लाल शाईची रेघ मारली. मंगलाष्टकांत आई रडली नाही. ती त्या खिडकीपाशी रडली.

डोंबिवलीत आम्ही फ्लॅट घेतला. मिस्टर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते, मी एका दुकानात हिशेब लिहायचे. 1999 मध्ये राज्यात तीन रंगांची कार्डं आली. वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याच्या वर पांढरं. आमचं केशरी. घरात फ्रिज होता, रंगीत टीव्ही होता, गॅसची दोन सिलिंडरं होती. मग 2001 मध्ये मिस्टरांचा कारखाना सात महिने बंद पडला. घराचा हप्ता थांबत नव्हता आणि मुलगी पहिलीत होती.

संपाच्या मानानं ते काहीच नव्हतं, कारण आम्ही एकदाही उपाशी झोपलो नाही. तरी आयुष्यात सगळ्यात जास्त गरीब मी त्या सात महिन्यांत होते. फ्लॅटचं दार लागलेलं असायचं. शेजारच्या दाराआड काय चाललंय मला माहीत नव्हतं, माझ्या दाराआडचं त्यांना कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते. वर्गणी मागायला कुणी आलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. रेशनचे गहू मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या पिशवीतून आणायचे आणि रात्री दार लावून निवडायचे. मुलीला सांगून ठेवलं होतं, कुणाला बोलायचं नाही. पहिलीतल्या मुलीला.

आई चार दिवस राहायला आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. दुपारी मी कामावरून आले तर ती आमच्या मजल्यावरच्या जिन्यापाशी चटई टाकून, सूप घेऊन, ते गहू निवडत बसली होती. दार सताड उघडं. मला घाम फुटला. समोरच्या वहिनी तिच्याशी बोलत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या ताटातले गहू मी बघितले, आणि खडे ओळखले. त्यांच्या घरी पाच महिन्यांपासून पगार अर्धा येत होता. सहा वर्षं आमची दारं समोरासमोर होती.

बाबा गेल्यावर आई भावाकडे नालासोपाऱ्याला राहत होती. त्याचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते, त्यामुळे नव्या कार्डावर पहिलं नाव आईचं आलं. तिनं ते मला फोन करून सांगितलं. मग दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं, आणि त्या यंत्राला तिचा अंगठा कळेना. पन्नास वर्षं भाकऱ्या थापून, भांडी घासून, सुया टोचून त्यावरच्या रेघा गेल्या होत्या. दुकानदार बोट पुसायला लावायचा, पुन्हा ठेवायला लावायचा, शेवटी भावाला अंगठा द्यावा लागायचा. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला: एकेक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. तिनं पिशवीचा कोपरा कापून आधी तेलाचा वास घेतला आणि म्हणाली, आता चांगलं देतात.

गेल्या वर्षी ती गेली. महिन्याभरानं भाऊ आणि मी मृत्यूचा दाखला घेऊन शिधावाटप कार्यालयात गेलो. ट्रंकेतली तीच प्लास्टिकची पिशवी भावाच्या हातात होती. खिडकीपलीकडच्या मुलीनं संगणकावर तिचं नाव शोधलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि ते काढून टाकलं. कुटुंबप्रमुख म्हणून वहिनीचं नाव वर सरकलं.

माणशी पाच किलो. जानेवारी 2023 पासून त्याला पैसेही पडत नाहीत. भावाच्या घरी आता दर महिन्याला पाच किलो धान्य कमी येतं.